अंजनगावची पाने

गेल्या पौषात मुक्तागिरीला जाण्याचा योग आला. मुलगी एका लग्नासाठी पुण्याहून अकोल्यास आली होती. परतण्यापूर्वी एक दिवस हाताशी होता, म्हणून पहाटेच निघालो. अकोल्याहून परतवाड्याला जाण्यास दर्यापूरवरूनही रस्ता आहे. तरी मी गाडी अकोटमार्गे घ्यावयास सांगितली. सौभाग्यवतींनी कारण विचारले नाही. त्यांना ते ठाऊक होते. वाटेत अंजनगाव सुर्जी लागते, आणि अंजनगावला माझे एक जुने काम राहिले होते.

बँकेच्या नोकरीत मी १९८५ ते १९८९ ही चार वर्षे अंजनगावला काढली. त्याआधीही ते नाव आमच्या घरात रोजचे होते. बाबूजींची अकोल्याच्या बाजारात किराण्याची पेढी होती आणि तीत काष्ठौषधींचा एक कोपरा होता: हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वावडिंग, सुंठ, आणि पोत्यांतून येणारी पिंपळी. पिंपळीचे पोते आले की बाबूजी मूठभर माल काढून हातावर चोळत, एक पिंपळी मधोमध मोडीत आणि तिचा तुकडा जिभेवर ठेवीत. क्षणभर काही होत नसे. मग तिखटपणा चढे आणि जीभ किंचित बधिर होई. तेवढ्यावर ते भाव सांगत. मोडताना 'कट्' असा आवाज आला नाही, तर माल ओला. ओल्या मालाचे वजन गोदामात बसल्या बसल्या घटते, हे त्यांनी मला एम. कॉम.च्या कोणत्याही पुस्तकाआधी शिकविले. तो माल अंजनगावचा असे.

अकोला सोडले की गांधीग्रामला पूर्णा ओलांडावी लागते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे कावडकरी येथूनच पाणी घेऊन राजराजेश्वराला जातात. नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. काळीभोर, खोल जमीन, पण विहिरीचे पाणी खारट. ना धड पिण्याला, ना बागाईतीला. कापूस, तूर, मूग, हरभरा यांवर हा मुलूख जगतो, तोही पावसाच्या भरवशावर. लहानपणी नातेवाइकांच्या खेड्यातील चहा आम्हांस मचूळ लागे, त्याचे कारण हेच. पुढे चोहोट्टा मागे पडते, अकोट जवळ येते, आणि उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. येथून पाणी पालटते. डोंगरातून उतरणारे नदीनाले पायथ्याशी गाळ आणि गोटे पसरवीत आले आहेत. त्यांत पावसाचे पाणी मुरते आणि विहिरींना गोडे पाणी लागते. तास-दीड तासाच्या रस्त्यात शेतीची तऱ्हा बदलते. कापसाच्या मधून केळीचे हिरवे तुकडे दिसू लागतात, संत्र्याच्या बागा येतात, आणि दृष्टी असेल तर त्यांच्या आड उंच, दाट, सावलीचा एखादा चौकोनही दिसतो. तो पानमळा.

नागवेलीला ऊन सोसत नाही, साचलेले पाणी सोसत नाही आणि तहानही सोसत नाही. खाऱ्या पाण्यावर तर ती तगतच नाही. म्हणूनच पानमळे अकोल्याजवळ नव्हते, ते अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात होते. आधी शेवरी, हादगा, पांगारा अशी झपाट्याने वाढणारी झाडे ओळीने लावावयाची, त्यांच्या सावलीत वेलाचे तुकडे रोवावयाचे आणि वेल चढू लागला की त्याला आधाराशी हळुवार बांधीत जावयाचे. वेल फार उंच गेला की तो उतरवून खालचा भाग गुंडाळून मातीत गाडतात, तेथे नवी मुळे धरतात आणि शेंडा पुन्हा चढू लागतो. बियांचा येथे संबंधच नाही. मळ्यात पाऊल ठेवताना पादत्राणे बाहेर काढण्याची रीत मी पाहिली आहे, पाळलीही आहे. बारी समाजाचे हे पिढ्यान्पिढ्यांचे काम. नागपंचमी हा त्यांचा मोठा सण, आणि मळा हे त्यांना जवळजवळ देवस्थानच.

याच सावलीत पानपिंपळी वाढते. नागवेल, पिंपळी आणि काळी मिरी ही एकाच कुळातली भावंडे आहेत. पिंपळीचे पान पाहिले की ते नात्यातले आहे हे कोणाच्याही लक्षात यावे. नागवेलीचे पान विकावयाचे, पिंपळीचे फळ. हे फळ तुतीच्या फळासारखे, पण बारीक व उभे असते. हिरवेगार व घट्ट असतानाच ते तोडतात आणि उन्हात काळे होईपर्यंत वाळवितात. पिकू दिले तर माल गेला. मुळे वाळवून जे निघते ते पिंपळामूळ, म्हणजे आपल्या घरांतला गंठोडा. सुंठ-गंठोड्याची गूळ-तूप घातलेली राब बाळंतिणीला किंवा हिवाळ्यात आजारातून उठलेल्याला देत नाही, असे घर आपल्यात विरळाच. मात्र तो गंठोडा ज्या वेलाचा, तो वेल वऱ्हाडातही उगवतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आमच्या बाईंचे, म्हणजे माझ्या मातोश्रींचे, पोटाच्या औषधांचे शास्त्र व्रतांच्या हिशेबाने चाले. चौदा नियम घेणाऱ्यांस 'तंबोल' हा शब्द परिचित आहे. आहाराच्या असण, पाण, खाइम, साइम या चार प्रकारांत ओवा, सुंठ, जिरे, पिंपळी, विड्याचे पान ही मंडळी चौथ्यात, स्वादिमात, मोडतात. दुविहारात ती चालतात, तिविहारात केवळ पाणी चालते, चौविहारात काहीच नाही. बाईंचा नित्य चौविहार. त्यामुळे जेवण जड झाले तर पिंपळीची चिमूट सूर्यास्तापूर्वीच घ्यावी लागे, आणि म्हणून जड जेवणच त्या करीत नसत. व्रताने पचन सुधारते ते असे, हे माझे मत. हिरवे पान त्या अष्टमी-चतुर्दशीला व चातुर्मासात वर्ज्य मानीत. इतर दिवशी कोणाचे पोट गुबारले तर अर्ध्या पानात चार दाणे ओवा आणि सैंधवाचा खडा घालून चघळावयास देत. सुपारी नाही, चुना नाही, कात नाही. तान्ह्या मुलाचे पोट वाताने फुगले, की तव्यावर कोमट केलेल्या पानाला एरंडेलाचे बोट लावून ते बेंबीभोवती ठेवीत. "पोटावर ठेवलेले पान म्हणजे खाल्लेले पान नव्हे," असा त्यांचा निवाडा होता. तरी तिथीच्या दिवशी पान खुडून आणू नये, आदल्या दिवशीचे वापरावे, एवढे पथ्य त्या पाळीत.

आता ज्यासाठी हे लिहावयास बसलो त्याकडे येतो.

१९८७ च्या जूनमध्ये पाऊस लांबला होता. अंजनगावला आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो, आणि बाई आमच्याकडे आल्या होत्या. मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची. एका संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. बाईंनी शिपायाला पाने आणावयास पाठविले. तो शाखेच्या एका खातेदाराच्या, बारी शेतकऱ्याच्या, घरून आठ-दहा ताजी पाने घेऊन आला. पान कोमट केले, एरंडेल लावले, पोटावर ठेवले. मूल थोडे शांत झाल्यासारखे वाटले. आम्ही त्याला गुण म्हटले. वस्तुतः ते मूल थकले होते. रात्रीतून आणखी पाच-सहा वेळा जुलाब झाले. 'दात येताहेत', 'उन्हाची बाधा आहे' असे आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. दूध पचत नाही म्हणून दूध थांबविले, आणि पाणी दिले तर जुलाब वाढतील या समजुतीने पाणीही चमच्या-चमच्यानेच दिले. मी शिकलेला मनुष्य होतो, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

सकाळी त्या शेतकऱ्याची आई दारात आली. पाने कशाला नेली ते तिला कळले होते आणि लेकराची विचारपूस करावयास ती आली होती. तिने मुलीला मांडीवर घेतले, टाळूवर हात ठेवला, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही. मूल रडत होते, पण डोळ्यांत पाणी नव्हते. म्हातारी बाईंकडे वळून म्हणाली, "माय, हे पान वातानं पोट फुगलं त लावतात. लेकराच्या आंगातलं पानी चाललं. पान काय पानी भरून देते? उठा, दवाखान्यात न्या पयले." तिच्या आवाजात जरब होती. बाईंना कोणी असे बोललेले मी तोवर ऐकले नव्हते. त्यांनी निमूटपणे मुलीच्या पोटावरचे पान काढले.

डॉक्टरांनी सलाईन लावले आणि तिसऱ्या दिवशी मुलगी हसली. दुपारपर्यंत थांबला असता तर मला काही सांगता आले नसते, असे ते म्हणाले. पान वाईट नव्हते. आम्ही ते चुकीच्या दुखण्याला लावले होते, आणि हे आम्हांस पान पिकविणारीने सांगितले. ज्याच्या घरात ते झाड उगवते त्याला त्याची मर्यादाही ठाऊक असते. शहरात आपण नुसता गुण ऐकून येतो.

आज हे वाचणाऱ्या तरुण सुनांसाठी येथेच थोडे व्यवहाराचे लिहितो. लहान मुलाला जुलाब लागले की त्याच्या शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे हे पहिले काम. औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण मिसळावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. याहून मीठ अधिक नको. उकाळलेले पाणी आपल्या पुष्कळ घरांत दिवसभर असतेच, ते थंड करून घ्यावे. अंगावरचे दूध थांबवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ पासून यासोबत दहा ते चौदा दिवस झिंक देण्याचीही शिफारस केली आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचात रक्त दिसले किंवा ताप चढला, तर पान, ओवा, मुरुडशेंग सारे बाजूला ठेवून निघावे. पानाच्या देठाला एरंडेल लावून तान्ह्याच्या शौचाच्या जागी घालण्याची रीतही आपल्याकडे होती. ती कोणी अजून करीत असेल तर बंद करावी. नाजूक त्वचेला इजा होते.

पुढचा भाग लिहिणे मला अधिक अवघड आहे.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. विहीर खोल करणे, नवी मोटार आणि पानमळ्याला नवी लागवड, मिळून बावीस हजार रुपये. पीककर्ज देताना कोणत्या पिकाला एकरी किती द्यावयाचे, याची यादी आमच्याजवळ असे. कापूस होता, ज्वारी होती, संत्रा होता. त्या यादीत पानमळा नव्हता, पिंपळीही नव्हती. विशेष शिफारस लिहून प्रकरण वरच्या कार्यालयाकडे पाठविण्याची मुभा शाखाधिकाऱ्याला होती. परंतु आमच्या शाखेची दोन बागाईत कर्जे तेव्हा थकली होती आणि तपासणी तोंडावर आली होती. मी विचार केला, यादीबाहेरच्या पिकाला कशाला हात लावावा? मोटारीपुरते नऊ हजार मंजूर केले आणि उरलेल्यावर रेघ ओढली. तो काही बोलला नाही. 'बरं साहेब' म्हणाला, सह्या केल्या आणि गेला. नागपंचमीला त्याच्या आईने नेहमीप्रमाणे पानांची गड्डी पाठविली.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या विहिरीने तळ गाठला. मळ्याचा अर्धा भाग वाळलेला मी स्वतः पाहिला: काड्यांसारखे उभे आधार, आणि त्यांना बांधलेले तपकिरी वेल. कर्ज त्याने वेळेवर फेडले. माझ्या दप्तरात ते खाते 'उत्तम' होते. वर्षभराने माझी बदली झाली.

अंजनगाव आता ओळखू येत नाही. शहानूर नदीच्या एका काठाला अंजनगाव, दुसऱ्या काठाला सुर्जी, हे मात्र तसेच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नाव ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे ठाऊक असते. त्याआधी महिनाभर अकोला जिल्ह्यातील अडगावला लढाई झाली, मग गाविलगड पडला, आणि येथे दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. गावातल्या लोकांना त्याचे विशेष काही नाही. त्यांना शकुंतला गाडीचे अधिक वाटते. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती अरुंद मार्गाची गाडी येथूनच जाई. ती इतकी सावकाश चाले की तिच्याविषयी ऐकलेल्या विनोदांतले निम्मे मला खरे वाटतात. आता ती बंद आहे आणि रुळांच्या कडेला बाभळी वाढल्या आहेत.

शेतकऱ्याचे घर विचारीत विचारीत सापडले. म्हातारी जाऊन वीस वर्षे झाली होती. तो स्वतः पंचाहत्तरीच्या पुढचा, अंगणात खाटेवर उन्हाला बसला होता. समोर ताडपत्रीवर पिंपळी वाळत होती, वास ओळखीचा. मी नाव सांगितले. त्याने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "बँकेचे साहेब! या, बसा. तुमची पोरगी कशी हाये?" मुलीने पुढे होऊन नमस्कार केला. तो तिच्याकडे पाहतच राहिला. मग घरात हाक मारून त्याने सुनेला गूळ-पाणी आणावयास सांगितले.

मळा दाखवावयास त्याचा नातू आला. कृषी पदविका झालेला मुलगा. पूर्वीच्या मळ्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरला आहे. बाकी जागेत संत्रा. विहीर आहे, पण पाणी बोअरचे. मजूर मिळत नाहीत, कारण वेल बांधण्याचे काम कौशल्याचे आणि सावलीत वाकून करावयाचे. मर रोग आला की वेल मुळाशी कुजतो आणि ओळीच्या ओळी जातात. शिवाय पाने ताजी विकावी लागतात. टोपल्यांत केळीचे पान घालून, ओली राखून, दोन-तीन दिवसांत बाजार गाठावयाचा. आणि खाणारा तरी कोठे उरला? पानठेले गल्लोगल्ली आहेत, पण त्यांवर लटकते ती पुडी.

यावर दोन शब्द लिहिल्याखेरीज राहवत नाही, कारण आपल्यातील काही तरुण दुकानदारांच्या तोंडातही मी ती पाहतो. विड्याच्या पानाची प्रतिष्ठा सांगून सुपारीचे समर्थन करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरीही, माणसांत कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत गणले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे; ती किती पाळली जाते ते आपण सर्व जाणतो. सुपारी, चुना, तंबाखू घातलेला विडा आणि ओव्याचे चार दाणे घातलेले अर्धे पान या दोन वस्तू एक नव्हेत. पानाच्या सुगंधी तेलाने तोंडाला पाणी सुटते, जडपणा कमी झाल्यासारखा वाटतो, एवढा अनुभव आपण घेऊ शकतो. त्यापुढे जाऊन पानाने अल्सर, पित्ताशयाचे खडे वा जुनाट दुखणी बरी होतात असे कोणी सांगू लागला, तर मी त्याला तारण मागतो.

पिंपळीची गोष्ट किंचित वेगळी आहे. तिच्यातील पायपरीन या द्रव्यामुळे काही औषधे रक्तात अधिक प्रमाणात उतरतात, हे जम्मूच्या प्रयोगशाळेत डॉ. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यावरून पुढे क्षयरोगाचे असे औषध निघाले की ज्यात रिफाम्पिसिनची मात्रा ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम ठेवता आली. सुंठ-मिरी-पिंपळीचे त्रिकटू करणाऱ्या वैद्यांना हे ऐकून आनंदच झाला असता. मात्र याची दुसरी बाजूही आहे. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींनी पिंपळीचे चूर्ण डॉक्टरांना न सांगता नेमाने घेऊ नये. चरकाचार्यांनीही पिंपळी, क्षार आणि मीठ या तिन्हींचा अति वापर करू नये, असे स्पष्टपणे सांगून ठेवले आहे. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे उद्यान आहे. मुलांना एकदा तेथे न्यावे. गंठोडा कोणत्या वेलाला लागतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे.

मळ्याच्या बांधावर आम्ही तिघांनी पादत्राणे काढली. आत आठ-दहा अंशांनी थंड असावे, असे वाटले. मातीला ओल होती, उजेड हिरवा होता. मुलीने विचारले, "माझ्या पोटावर ठेवलेलं पान कोणत्या वेलाचं होतं?" नातू हसला. पण म्हातारा काठी टेकीत मागून आला होता, त्याने उत्तर दिले. "हाच. वेल मरत नाई, बाई. त्याचाच तुकडा पुढं लावतो. माझ्या आज्यानं लावलेलाच हा वेल हाये." ते शब्दशः खरे आहे. बी नसल्यामुळे दरवेळी जुन्याच वेलाचा तुकडा रुजतो. ज्या वेलाचे पान १९८७ मध्ये खुडले, तोच आज या शेवरीवर चढलेला आहे.

परत खाटेजवळ आलो तेव्हा मी एकदाचे बोललो. "त्या वर्षी तुमचं कर्ज मीच कापलं होतं. शिफारस लिहिता आली असती. मी लिहिली नाही."

तो म्हणाला, "हो. कापलं होतं."

मी थांबलो. त्याने पिंपळीवर हात फिरवून ती सारखी केली.

"बावीस भेटले असते त विहीर खाली गेली असती. मंग दोन म्हशी विकल्या, तवा अर्धा मळा वाचला." एवढे सांगून तो नातवाला म्हणाला, "साहेबांले पानं खुडून दे चांगली. कवळी नको देऊ, जून देऊ नको. मधली."

त्याने मला माफ केले, असे मी लिहू शकत नाही. त्याने तो विषय हिशेबाइतकाच सांगितला, कमी नाही, अधिक नाही. मी पन्नास वर्षे हिशेबाच्याच व्यवसायात आणि घरात काढली आहेत. मला यापेक्षा अचूक नोंद कोणी दाखविली नाही.

निघताना मी दोन किलो पिंपळी मागितली. तो भाव कमी सांगू लागला. मी बाजारभावच घ्यावयास लावला. नातवाने तराजू आणला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, अजून दोन-तीन उन्हं लागतील हिले. घरी वाळवा." मी एक पिंपळी मोडून पाहिली. 'कट्' असा आवाज आला नाही. तरी घेतली.

पुढे पथ्रोटवरून परतवाडा, आणि तेथून मुक्तागिरी. पायऱ्या चढताना गुडघ्यांनी तक्रार केली. बावन्न मंदिरांपैकी सर्वांपर्यंत मी पोहोचलो नाही, सौभाग्यवती पोहोचल्या. धबधब्याला हिवाळ्यात धार बारीक होती. त्या दिवशी चतुर्दशी असल्याने डब्यात हिरवे काही नव्हते: पुऱ्या, मुगाची दाळ, कोरडी चटणी. पाने ओल्या फडक्यात गुंडाळलेली गाडीतच राहिली. सूर्यास्तापूर्वी वाटेत थांबून जेवणे आटोपली, आणि अकोल्यास पोहोचावयास रात्र झाली.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी पाने पुसून मांडली. दोन डागाळलेली निघाली, ती वेगळी केली. मुलीने निम्मी पुण्यास नेली, सोबत ओव्याची पुडी आणि ओआरएसच्या चार पुड्या. पिंपळी मी गच्चीवर सहा दिवस वाळविली आणि बाबूजींच्या जुन्या तराजूत तोलली. दोन किलोची एक किलो आठशे चाळीस ग्रॅम भरली.